दुनळी हाती आहे, नेम कोणी शिकवायचा?

श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन, दिवेआगर, शेखाडी या पट्ट्यात बंदूक हा सहज बोलण्याचा विषय उरलेला नाही. १९९३ साली शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरविली गेली आणि या किनाऱ्याकडे पाहण्याची सरकारी नजर कायमची बदलली. २०२२च्या ऑगस्टमध्ये हरिहरेश्वरजवळ एके-४७ रायफली असलेली बेवारस नौका सापडली, तेव्हा तोच संशय पुन्हा जागा झाला. या गदारोळात कोकणातील एका जुन्या, कायदेशीर आणि बिनबोभाट बंदुकीचा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. ती बंदूक म्हणजे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली बारा बोअरची दुनळी.

रानडुकरे आणि वानरे यांनी कोकणातील शेतकऱ्याला जेरीस आणले आहे, हे आता सांगायला नको. ३ जून २०२०च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात श्रीवर्धन परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नव्याने लावलेली रोपे जगवायची तर राखण आलीच. शस्त्र अधिनियम, १९५९ने पीकरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूकच गृहीत धरली आहे. ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटले, तरच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. मारण्यावरही वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२चे बंधन आहे. पिकांचे नुकसान करणारे रानडुक्कर असले, तरी वनखात्याच्या परवानगीवाचून त्याच्यावर गोळी झाडता येत नाही. म्हणजे परवानाधारकाची दुनळी वर्षातला बहुतेक काळ खुंटीला, आणि निवडणुका जाहीर झाल्या की पोलीस ठाण्यात जमा. ज्या दिवशी ती खरोखर चालवायची, त्या दिवशी हाताला सराव कसला असणार?

२०१६च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्याला सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण बंधनकारक केले. हेतू उत्तमच होता. परंतु दाखला मिळणे वेगळे आणि बंदूक अंगवळणी पडणे वेगळे. २०२५च्या आरंभी पालघर जिल्ह्यात बोरशेतीच्या जंगलात रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांपैकी एकाने सावज समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली व तो मरण पावला. ती शिकार बेकायदेशीर होती, हे खरे. तथापि ‘काय दिसते आहे याची खात्री झाल्याखेरीज चापावर बोट नाही’ ही शिस्त परवान्याच्या कागदातून येत नाही, ती सरावातूनच मुरते.

जगभर हा सराव मातीच्या तबकडीवर होतो. ‘मातीची’ हे नाव केवळ परंपरेने उरले. आज ती चुनखडीची भुकटी आणि डांबर यांची असते. व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅम. यंत्र ती आकाशात भिरकावते आणि छर्‍यांच्या काडतुसाने ती फोडायची. १९००च्या पॅरिस ऑलिम्पिकपासून हा खेळ आहे.

रायफलीचा नेमबाज झाडावरच्या पक्ष्याचा डोळा पाहणारा अर्जुन असतो. तबकडीच्या नेमबाजाला मत्स्यभेद करावा लागतो. तबकडी तीस मीटरवरून आडवी जात असेल, तर छर्रे तेथवर पोहोचायला सेकंदाचा सुमारे दहावा भाग लागतो. तेवढ्यात ती दीड-दोन मीटर पुढे सरकलेली असते. साहजिकच तिच्यावर नेम धरणाऱ्याचा बार नेहमी मागे पडतो. नळी तबकडीच्या मागून येऊन पुढे काढायची, आणि चाप ओढतानाही हात थांबू द्यायचा नाही. नवशिका नेमका तेथेच थबकतो. दोन्ही डोळे उघडे, नजर तबकडीवर. नळीच्या टोकावरील मण्याकडे पाहिले की संपले. स्पर्धक बहुधा एकावर एक नळ्यांची बंदूक वापरतात, कारण तिची एकच अरुंद रेघ डोळ्यांना सोयीची असते. शेजारी-शेजारी नळ्यांची दुनळी वजनाला हलकी असेल तर धक्का अधिक देते, आणि तिला बहुधा दोन चाप असतात. पुढचा चाप सामान्यतः उजव्या नळीचा. डावी नळी तोंडाशी अधिक आवळलेली, म्हणजे लांबच्या बारासाठी. घरात दोन पिढ्या दुनळी असूनही हा फरक ठाऊक नसणे मुळीच अशक्य नाही. फुटलेली तबकडी चूक-बरोबर तत्क्षणी सांगते. शिवाय मैदानावर बंदूक उघडूनच वाहायची आणि काडतूस आपल्या जागेवर उभे राहिल्यावरच भरायचे, हा दंडक असतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने नेमापेक्षाही हाच धडा मोलाचा आहे.

या शिक्षणाची सोय मात्र श्रीवर्धन-म्हसळ्याच्या माणसाला हाकेच्या अंतरावर नाही. महाराष्ट्र नेमबाजीत मागे आहे असे कोणी म्हणणार नाही. अंजली भागवत, २०१० साली म्युनिकला जगज्जेती ठरलेली तेजस्विनी सावंत, २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळविणारा स्वप्नील कुसाळे, ही सारी रायफलीची परंपरा. सुमा शिरूर यांची अकादमी तर याच रायगड जिल्ह्यात, पनवेलला आहे. पण छर्‍यांच्या बंदुकीत नावे येतात ती उत्तरेकडची: १९६२च्या कैरोतील जागतिक स्पर्धेत रौप्य मिळविणारे बिकानेरचे महाराजा करणीसिंह, २००४ला अथेन्सचे रौप्य आणणारे सैन्यातील राज्यवर्धनसिंह राठोड. राजघराणी आणि सैन्य यांच्या आश्रयाने वाढलेला हा खेळ आहे. पंचवीस तबकड्यांची एक फेरी म्हटली तर दिवसाच्या चार फेऱ्यांना शंभर काडतुसे लागतात. परवान्यावरील ठरावीक काडतुसांत आणि शेतकऱ्याच्या खिशात हे बसणारे नव्हे.

म्हणून पदकांची स्वप्ने तूर्त बाजूला ठेवावीत. दक्षिण रायगडसाठी एक यंत्र, एक प्रशिक्षक आणि वर्षातून दोनदा परवानाधारकांचे शिबिर, एवढी मागणी वाजवी आहे. पोलीस, वनखाते आणि राज्याची रायफल संघटना यांनी एकत्र बसले तर ती अवघडही नाही. अडचण जागेची आहे. छर्रे दोनशे मीटरपलीकडेही जाऊन पडतात आणि ते शिशाचे असतात. युरोपीय संघाने २०२३पासून पाणथळ प्रदेशात शिशाच्या छर्‍यांना बंदी केली, ती पक्षी ते गिळतात म्हणूनच. तेव्हा खाडीकाठ, कांदळवन आणि विहिरींचा परिसर वगळून, वस्तीपासून दूरचा एखादा माळ शोधावा लागेल, आणि पडलेले शिसे दर उन्हाळ्यात, पावसापूर्वी वेचून न्यावे लागेल.