बिनपगारी विश्वकोश

शाळेतून ‘माहिती गोळा करून आणा’ असे सांगितले की आपली मुले आता मोबाईल उघडतात आणि समोर येतो तो बहुधा विकिपीडिया. हा कोश लिहितो कोण, असे आम्ही ओळखीच्या घरांतून विचारून पाहिले. बहुतेकांचा समज असा की एखादी मोठी कंपनी असेल आणि तिथे पगारी विद्वान बसलेले असतील.

हा कोश १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. जुलै २००५ मध्ये इंग्लंडातील ऑक्सफर्डला टेडची परिषद भरली. तिथे जिमी वेल्स या संस्थापकाने त्याची ओळख करून दिली. त्या भाषणाची चित्रफीत आम्ही पाहिली. समोरची मंडळी यंत्र आणि पैसा जाणणारी. त्यांना हिशेब सांगितला तो असा : पगारी माणूस एकच. मुख्य खर्च इंटरनेटच्या वाहतुकीचा, महिना सुमारे ५,००० डॉलर. लिहिणारे, तपासणारे, एवढेच काय, यंत्रांची देखभाल करणारेही स्वयंसेवक. सभागृह चकित झाले असल्यास नवल नाही.

पण बंधू-भगिनींनो, बिनपगारी काम म्हणजे मोकळ्या वेळेचे काम. पाळीवरून आलेल्या माणसाला, स्वयंपाक-पाणी उरकून बसलेल्या बाईला असा वेळ किती मिळतो? विकिपीडियाच्याच पाहण्यांत लिहिणाऱ्या स्त्रिया फार थोड्या आढळतात, याचे आम्हाला आश्चर्य वाटत नाही.

दुसरी अडचण नियमाची. प्रत्येक विधानाला छापील किंवा प्रसिद्ध झालेला आधार हवा. नियम चांगलाच आहे; नाहीतर कोणीही काहीही ठोकून देईल. परंतु ज्यांच्याविषयी कोणी छापलेच नाही, त्यांनी काय करावे? कॅनडाच्या डोना स्ट्रिकलंड यांना २ ऑक्टोबर २०१८ रोजी भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. हा मान मिळवणाऱ्या त्या तिसऱ्याच स्त्री. त्या सकाळी इंग्रजी विकिपीडियावर त्यांच्या नावाचा लेख नव्हता. काही महिन्यांपूर्वी कोणी मसुदा पाठवला होता, तो ‘पुरेसे आधार नाहीत’ म्हणून परत गेला होता. त्यांच्यासोबत पारितोषिक मिळालेल्या जेरार मुरू यांच्यावर मात्र लेख आधीच होता. नोबेल मिळवणाऱ्या बाईची ही गत, तर गावच्या पहिल्या शिक्षिकेला कोण विचारतो?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. त्यात आपले गाव शोधून पाहा. कदाचित दोन-तीन ओळीच सापडतील. आजीची आठवण तिथे आधार म्हणून चालत नाही. पण तिच्या ट्रंकेत जपलेले जुने वर्तमानपत्र किंवा शाळेची स्मरणिका उपयोगी पडू शकते. कात्रण असेल तर वर्तमानपत्राचे नाव, तारीख आणि पान त्यावर आजच लिहून ठेवा. तारखेविना कात्रण म्हणजे पत्त्याविना पाकीट. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला तेवढे पुरते. जेवणानंतर अर्ध्या तासात ती एक परिच्छेद भरू शकेल. आणि तो कोणी खोडलाच, तर का खोडला हे लेखाच्या चर्चापानावर विचारता येते. तिने ते जरूर विचारावे.