देवक, टार्टन आणि कुळाची स्मृती

लोकसाहित्याच्या तासाला 'देवक' हा शब्द आला की आमच्या वर्गाला एकदम जाग येते. कदमांचा मुलगा कळंब सांगतो, मोऱ्यांचा मोराचे पीस सांगतो, कुणी पंचपल्लव सांगतो. तुळजापूर जवळच असल्याने कुळाची गोष्ट इथे पुस्तकी राहत नाही. मध्यंतरी एका विद्यार्थ्याने घरात जपलेली शहाण्णव कुळींची छापील यादी आणली. वंश, गोत्र, देवक, मूळ गादी, निशाणाचा रंग, इतकेच काय, वारूचा म्हणजे घोड्याचा रंगही तीत होता. "सर, हे खरं आहे का?" असे त्याने विचारले. मी तेव्हा दिलेले उत्तर मलाच अपुरे वाटले. ते इथे पुरे करू पाहतो.

त्यासाठी थोडे दूर जावे लागेल. मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत सविस्तर लिहिणारा जेम्स ग्रँट डफ आपल्याला ठाऊक आहे. त्याचा ग्रंथ १८२६ सालचा. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्याची केलेली चिकित्साही आपण शिकवितो. पण हा गृहस्थ स्कॉटलंडमधील बॅन्फचा होता आणि 'ग्रँट' हे त्याचे जन्मनाव तिथल्या एका जुन्या कुळाचे नाव आहे, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात अशा कुळाला 'क्लॅन' म्हणतात. ग्रँटांचा मुलूख स्पे नदीच्या खोऱ्यातला, त्यांची युद्धघोषणा एका टेकडीच्या नावाची, आणि त्यांचे कुलचिन्ह म्हणजे पाइन वृक्षाची डहाळी. देवक मानणाऱ्या माणसाला हे परके वाटू नये.

या कुळांची आज सर्वांत प्रसिद्ध खूण म्हणजे टार्टन, ठरावीक रंगांच्या चौकड्यांचे लोकरी कापड. प्रत्येक कुळाची चौकडी वेगळी आणि ती अनादी काळापासून चालत आलेली, असा सार्वत्रिक समज आहे. इतिहास वेगळेच सांगतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रिचर्ड वेट या चित्रकाराने ग्रँट मंडळींची अनेक व्यक्तिचित्रे रंगविली. त्यांतील टार्टन एकमेकांशी जुळत नाहीत आणि आजच्या ग्रँट टार्टनशीही जुळत नाहीत. १७४६ साली कलोडनच्या लढाईत डोंगरी बंडाचा पाडाव झाला आणि त्याच वर्षी या पोशाखावर बंदीचा कायदा झाला. तो रद्द झाला १७८२ साली. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने स्वागतसोहळा टार्टनने सजविला. प्रत्येक सरदाराला 'आपले' टार्टन हवेसे झाले. बॅनकबर्नच्या विल्सन या विणकर पेढीत नमुन्यांना कुळांची नावे मिळत गेली. १८४२ साली दोन भावांनी जुन्या हस्तलिखिताच्या नावाखाली कुलनिहाय टार्टनांचा एक देखणा ग्रंथही प्रसिद्ध केला. ते हस्तलिखित बनावट होते, असे अभ्यासक मानतात.

हे सारे वाचून, 'म्हणजे थोतांडच!' असे म्हणण्याचा मोह होतो. १९८३ साली हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी संपादित केलेल्या परंपरांच्या 'निर्मिती'वरील ग्रंथात ह्यू ट्रेव्हर-रोपरने टार्टनविषयी जवळपास तसेच म्हटले. मला ते पुरते पटत नाही. १७०४ साली ग्रँटांच्या प्रमुखाने आपल्या माणसांना लाल-हिरव्या टार्टनचे कपडे बाळगण्याचा हुकूम दिल्याची नोंद आहे. म्हणजे कापड जुने होते, कुळही जुने होते. दोहोंची कायमची गाठ मात्र नंतर बांधली गेली. ती कुणी, केव्हा आणि कशासाठी बांधली, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या याद्यांनाही हाच प्रश्न विचारायला हवा. शहाण्णव कुळींच्या वेगवेगळ्या याद्या समोर ठेवल्या तर त्या एकमेकींशी जुळत नाहीत. देवक हे लग्नविधीत आजही जिवंत आहे, म्हणून ते यादीपेक्षा जुने आणि खोल. घोड्याचा रंग मात्र कागदावरचा. वंशावळींचेही तसेच. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी भोसल्यांचे सिसोदिया कुळ पुढे आले ते क्षत्रियत्व सिद्ध करण्याच्या गरजेतून. रा. चिं. ढेरे यांनी 'शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव' या ग्रंथात (२००१) भोसल्यांचे मूळ दक्षिणेत शोधले. शिवाजी महाराजांचे मोठेपण या दोन्ही मतांपैकी कुणावरही अवलंबून नाही. तरीही आपण वंशावळीच्या वादात इतके अस्वस्थ का होतो, याचा विचार साहित्याच्या अभ्यासकाने तरी करावा.

आणखी एक गोष्ट. देवकाची चर्चा रंगात आली असताना मागच्या बाकावरची एक मुलगी गप्प होती. तिचे घराणे गोंधळ्यांचे. त्या यादीत तिला जागा नव्हती. पण लग्नानंतर कदमांच्या नि मोऱ्यांच्या अंगणात संबळ वाजवून, दिवटी पेटवून तुळजापूर, माहूर, कोल्हापूरच्या देवींना नावानिशी हाक मारतात ते तिचेच वाडवडील. दक्षिण महाराष्ट्रात घरोघरच्या वंशावळी सांभाळणारा हेळवीही असाच यादीबाहेरचा. टार्टन मिरविणाऱ्या सरदारांची चित्रे उरली, ते विणणाऱ्यांची नावे फारशी कुणी विचारली नाहीत. आपण तेच करीत आहोत.

स्कॉटलंडमध्ये टार्टनची सरकारी नोंदवही २००९ पासून सुरू आहे आणि नवे टार्टन कुणालाही नोंदविता येते. तिथे चौकडीने कुळाचे कुंपण बरेचसे ओलांडले आहे. आपली यादी अजून सोयरीक जुळविताना आणि मोडताना बाहेर काढली जाते. म्हणून ती निरुपद्रवी आहे असे मी म्हणणार नाही.

त्या विद्यार्थ्याला आता मी सांगेन : यादी फेकू नकोस, पण तिला शिलालेखही समजू नकोस. ती केव्हा छापली, कुणी छापली, तीत कोण नाही, हे लिहून आण. आणि सुरुवात मागच्या बाकापासून कर. तुझ्या कुळाची देवी कोणत्या शब्दांत आळवली जाते, हे तुझ्या यादीपेक्षा त्या घराला अधिक ठाऊक आहे.