बुके हाताने बांधा!

“आता पाहुण्यांचे स्वागत पुष्पगुच्छ देऊन करण्यात येत आहे...” हे वाक्य न ऐकता आपल्या कॉलेजातला एक तरी कार्यक्रम पार पडला आहे का? आणि मग स्टेजवर येतं काय? सेलोफेनमध्ये करकचून गुंडाळलेले चार जर्बेरा! माना ताठ राहाव्यात म्हणून देठांना तार, वर चमकी, खाली रिबन आणि दुकानाचा स्टिकर.

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे काना-मात्रा इकडेतिकडे झाला तर सांभाळून घ्या. पण हे मराठीतच लिहायचं होतं, कारण मेसच्या मावशींना वाचून दाखवायचं आहे.

मागच्या वर्षी आमच्या वर्कशॉपचे मामा रिटायर झाले. पहिल्या वर्षी फाईल हातात कशी धरायची हे ज्यांनी शिकवलं, ते मामा. आम्ही ३५ जणांनी प्रत्येकी १० रुपये काढले, एकजण गाडीवरून जाऊन साडेतीनशेचा बुके घेऊन आला. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. मामा शाल-श्रीफळ घेऊन घरी गेले. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर बुके लेथशेजारच्या टेबलावर तसाच! आधी राग आला. मग वाटलं, त्यात आमचं होतं तरी काय? प्रत्येकी १० रुपये. बस्स.

म्हणून यंदा मावशींचा निरोपसमारंभ ठरला तेव्हा मी म्हटलं, बुके आपणच बांधू. शाळेत चॅपलमधली फुलं सजवताना सिस्टरांनी शिकवलं होतं, ते हाताला अजून आठवत होतं.

कृती सोपी आहे. सकाळी बाजारातून निशिगंध, शेवंती, ॲस्टर आणि थोडे गुलाब सुटे आणा. हिरवा पाला माळीकाकांना विचारून घ्या (न विचारता नको!). देठांची टोकं तिरकी कापा, खालच्या अर्ध्या भागातली पानं आणि काटे काढा. पान पाण्यात बुडालं की कुजतं आणि पाणी नासतं. मग फुलं दोन-तीन तास सावलीत बादलीत ठेवा. आता एक फूल डाव्या हातात उभं धरा. दुसरं त्यावर तिरकं ठेवा, तिसरं त्याच दिशेने तिरकं... आणि दर वेळी जुडगा हातात थोडा फिरवा. दिशा मात्र बदलायची नाही. सगळे देठ एकाच जागी एकमेकांना ओलांडतात, तिथे सुतळी घट्ट बांधा आणि खालची टोकं एका पातळीत कापा. झालं!

गंमत म्हणजे हा बुके टेबलावर आपला आपण उभा राहतो. का? मेकॅनिकलवाल्यांनो, ड्रॉइंगची शीट आठवा! सरळ रेषा एकाच दिशेने तिरक्या फिरवत नेल्या की मधे बारीक, वर-खाली रुंद असा हायपरबोलॉइड तयार होतो. औष्णिक वीज केंद्रातल्या कूलिंग टॉवरचा आकार हाच. रशियन इंजिनिअर व्लादिमिर शुखोव यांनी १८९६ मध्ये निझ्नी नोवगोरोदच्या प्रदर्शनात सरळ लोखंडी पट्ट्यांचा असाच पाण्याचा मनोरा उभारला होता. म्हणजे बुके हा काही फक्त लेडीज होस्टेलचा विषय नाही!

आता तुम्ही म्हणाल, एवढा वेळ कुणाला आहे? सबमिशन आहे, व्हायवा आहे. अहो, बांधायला अर्धा तास लागतो. सबमिशनच्या आदल्या दिवशी झेरॉक्सच्या रांगेत याहून जास्त जातो. कुणी म्हणेल, फुलवाल्याच्या पोटावर पाय का? पण फुलं आपण विकतच घेतो ना? सुटी घेतली तरी पैसे फुलवाल्याला आणि शेतकऱ्यालाच जातात. वाचतं ते सेलोफेन, आणि बास्केटमध्ये फुलं खोचायची ती हिरवी स्पंजची वीट. ती प्लास्टिकचीच असते, मातीत कुजत नाही.

आमचा पहिला बुके काही सुबक झाला नव्हता. एका बाजूला शेवंतीची गर्दी, एक गुलाब खाली लोंबत होता. दोघींची बोटं काट्यांनी सोलली. मावशींनी तो हातात घेतला, फिरवून पाहिला आणि विचारलं, “कुणी बांधला गं?” आम्ही सहाजणींनी हात वर केले. मावशी काही बोलल्या नाहीत. जाताना शाल पिशवीत कोंबली, पण बुके मात्र हातातच धरून रिक्षात बसल्या.

तेव्हा गॅदरिंग कमिटीला माझी नम्र सूचना आहे. पाहुण्यांचं काय करायचं ते करा. पण जे रोज आपल्यासाठी राबतात, त्यांच्या निरोपाला तरी विकतचा बुके नको. प्रत्येक वर्गाने आपला आपण बांधावा. वाकडा झाला तरी चालेल. सुतळी माझ्याकडे आहे, शिकायचं असेल तर रविवारी सकाळी मेसमध्ये या.

बघा, पटतंय का!