टोपी ज्या जागेची, त्याच जागी बसवा



इंजिन उघडण्याची वेळ बहुधा कामाच्या दिवसांतच येते. घाटात पाणी उकळते, हेडचे गॅसकेट जाते, आणि दुधाचे कॅन वाहणारी, बाजारहाट करणारी, अडीअडचणीला दवाखाना गाठणारी घरची गाडी गॅरेजात जाऊन बसते. मिस्त्री हेड उतरवतो, फेसिंग करून आणतो, नवे गॅसकेट घालतो आणि गाडी सुरू होते. पण काही वेळा महिन्या-दोन महिन्यांत वरच्या बाजूने टकटक येऊ लागते आणि पुन्हा हेड उघडावे लागते. मग दोष पुष्कळदा कॅमशाफ्टच्या टोप्यांत निघतो. या खेपेस त्याच टोप्यांविषयी सांगायचे आहे.

उदाहरणासाठी मारुतीच्या जिप्सीतले 1298 सी.सी.चे, सोळा वाल्वचे इंजिन घेऊ. सर्वसामान्य ग्राहकांसाठी जिप्सीचे उत्पादन 2019 मध्ये थांबले, तरी डोंगराकडेच्या वाटांवर जुन्या जिप्सी अजून चालताना दिसतात. या इंजिनात कॅमशाफ्ट वर, हेडमध्येच असतो. त्याचे खालचे अर्धे बसणे हेडमध्ये कोरलेले असते आणि वरचे अर्धे बसणे बोल्टाने आवळायच्या सुट्या टोप्यांत असते. कंपनीच्या पुस्तकात या टोप्यांना कॅमशाफ्ट हाउसिंग म्हटले आहे. आपले मिस्त्री त्यांना सरळ कॅप म्हणतात. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. म्हणजे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर कॅम या टोप्यांखाली दीड हजार फेरे घेतो. इथे वेगळे बेअरिंग नसते. ॲल्युमिनियमच्या बैठकीत दांडा फिरतो आणि दोहोंमध्ये असतो तो फक्त तेलाचा पातळ थर. त्या थरासाठी ठेवलेली फट साधारण केसाच्या जाडीइतकीच असते.

आता मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. कारखान्यात आधी टोप्या हेडवर आवळतात आणि मग सगळी भोके एका रेषेत, एकदमच कोरतात. त्यामुळे प्रत्येक टोपी त्या एकाच हेडची, त्या एकाच जागेची आणि त्या एकाच दिशेची असते. एका जात्याची वरची तळी दुसऱ्या जात्यावर ठेवली तर ती बसल्यासारखी दिसते, पण दळण भरडच पडते. टोप्यांचे तसेच आहे. पहिली तिसऱ्याच्या जागी गेली, किंवा उलटी बसली, तरी बोल्ट आवळले जातात. डोळ्याला काही दिसत नाही. मात्र कॅम एका बाजूला घासतो, तिथला तेलाचा थर तुटतो आणि बैठक खरवडली जाते. खराब झालेल्या टोपीच्या जागी दुसरी सुटी टोपी आणून भागत नाही. कारण नवी टोपी या हेडबरोबर कोरलेलीच नसते. मग सबंध हेडच बदलण्याची पाळी येते.

म्हणून उघडतानाच व्यवस्था ठेवा. टोप्यांवर क्रमांक आणि बाण उठवलेले असतात. बाणाचे तोंड पट्ट्याच्या, म्हणजे क्रँकच्या पुलीच्या बाजूला असते. घाण पुसून क्रमांक वाचावेत आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये टोप्या आणि त्यांचे बोल्ट ओळीने मांडावेत. हे काम घरातला शाळकरी मुलगा किंवा मुलगीही नीट करील. गॅरेजात दोन गाड्यांची हेडे एकाच वेळी उघडी असतील, तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

दुसरी गोष्ट फेसिंगची. इंजिन फार तापले की ॲल्युमिनियमचे हेड धनुष्यासारखे वाकते. फेसिंग केल्याने खालचा पृष्ठभाग सपाट होतो, गॅसकेट बसते. पण वरची, कॅमची रेषा वाकलेली ती वाकलेलीच राहते! सरळ दांडा वाकड्या घरात फिरायला लावला तर काय होणार? म्हणून फेसिंग होऊन आले एवढ्यावर समाधान मानू नये. कॅम फिरतो का, ते पाहावे.

ही पारख अवघड नाही आणि तिला महागडे यंत्रही लागत नाही. हेड टेबलावर असताना, रॉकर काढलेले असताना, बैठकी स्वच्छ फडक्याने पुसाव्यात. बोल्टांच्या भोकांत तेल किंवा कचरा राहिलेला नसावा. बैठकींना इंजिनचे तेल लावून कॅम ठेवावा. आधी पहिल्या क्रमांकाची टोपी बसवावी, कारण कॅमला पुढे-मागे सरकू न देण्याचे काम तिचे आहे. मग बाकीच्या टोप्या क्रमाने ठेवून सगळे बोल्ट आधी हातानेच लावावेत. नंतर पान्याने सर्व टोप्यांना थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळत जावे. एक टोपी पूर्ण आवळून मग दुसरीकडे जाऊ नये. तसे केले तर दांडा एका टोकाला दबतो आणि टोपी तिरकी बसते.

प्रत्येक फेरीनंतर कॅम हाताने फिरवून पाहा. तो सारखा, मऊ फिरला पाहिजे. एखाद्या टोपीचे बोल्ट आवळताच तो जड झाला, तर दोष त्याच जागी आहे: टोपी चुकली असेल, खाली कण अडकला असेल, किंवा हेड वाकले असेल. सगळीकडेच जड लागत असेल आणि टोप्या बरोबर असतील, तर हेड वाकल्याचा संशय धरावा. असे हेड चांगल्या वर्कशॉपला दाखवावे. ते सरळ करून कॅमची रेषा पुन्हा कोरता येते का, हे तिथेच कळेल. “चालेल, गाडी फिरली की मोकळा होईल,” असे कोणी म्हणाले तर ऐकू नका. तो मोकळा होतो तो बैठक खरवडूनच.

आवळण्याचा जोरही मोजकाच हवा. या टोप्यांच्या बोल्टांना सुमारे 1.1 किलोग्रॅम-मीटर एवढाच टॉर्क लागतो. अर्धा फूट लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण सात किलोचा ओढा दिला की तेवढा होतो. ट्रॅक्टरचे नट आवळायची सवय असलेल्या हाताला हे फारच सैल वाटते, आणि तिथेच ॲल्युमिनियमचे आटे जातात. टॉर्क पाना नसेल तर मागून आणावा. आपल्या गाडीचे इंजिन वेगळे असेल तर आकडा त्या इंजिनच्या पुस्तकातलाच घ्यावा. सीलरही पुस्तकात सांगितलेल्या जागीच, पातळ लावावे. भलत्या ठिकाणी लावले तर टोपी उचलली जाते आणि तेलाची वाट बुजू शकते.

एक वाईट रीत मात्र मोडायला हवी. टोपी सैल झाली की तिचा तळ पॉलिश कागदावर घासून ती खाली बसवायची. त्याने फट कमी झाल्यासारखी वाटते, पण गोल भोक लांबट होते. दांडा गोल आणि घर लांबट, हा संसार फार दिवस टिकत नाही. ट्रॅक्टरच्या क्रँकच्या मेन बेअरिंग कॅप आणि कनेक्टिंग रॉडच्या कॅप यांनाही हाच नियम आहे. त्याही जोडीनेच कोरलेल्या असतात. त्यांची अदलाबदल करू नये, उलट्या बसवू नयेत आणि घासू तर मुळीच नयेत.

तेव्हा गाडी गॅरेजात टाकताना मिस्त्रीला तीन गोष्टी अदबीने विचारा. दादा, टोप्या क्रमाने ठेवल्या का? फेसिंगनंतर कॅम हाताने फिरवून पाहिला का? पट्टा चढवल्यावर, सेल मारण्याआधी, पान्याने क्रँकचे दोन पूर्ण फेरे देऊन खुणा जुळल्या का? चांगल्या मिस्त्रीला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट, तो तुम्हालाच म्हणेल, “या, हात लावून बघा.” तसा हात जरूर लावून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्यावर सबंध हेडचा खर्च वाचतो.