विश्लेषण : डेटा सेंटर शेजारी, तरी द्रोणागिरीत गेम का अडखळतो? गेम सर्व्हर कसा निवडावा?

पनवेलमध्ये जुलै २०२० मध्ये योट्टा कंपनीचे ‘एनएम १’ हे ७,२०० रॅकच्या क्षमतेचे डेटा सेंटर सुरू झाले. ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यातही अशी अनेक केंद्रे आहेत. तरीही जवळच्याच द्रोणागिरी नोडमधील खेळाडूचा ऐन लढतीत ‘पिंग’ वाढू शकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमवर बंदी घातली, तर ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. त्यामुळे क्लब, महाविद्यालये किंवा गेमिंग कॅफे यांना स्वतःची स्पर्धा भरवायची असेल, तर सर्व्हरची निवड हा कळीचा मुद्दा ठरतो.

पिंग कशावर ठरतो?

खेळाडूने बटण दाबल्यावर संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा वेळ म्हणजे पिंग. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे सर्व्हर हजार किलोमीटरवर असेल, तर जाऊन-येऊन किमान १० मिलिसेकंद लागतात. मुंबईहून सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. तिथे सर्व्हर असल्यास जवळपास ४० मिलिसेकंद अंतरातच जातात. प्रत्यक्षात केबलचा मार्ग वळणाचा असल्याने वेळ आणखी वाढतो. कितीही महागडे यंत्र घेतले तरी हा वेळ कमी होत नाही.

मग शेजारी सर्व्हर असूनही गेम का अडखळतो?

संदेश सरळ रेषेत जात नाही. तो आधी इंटरनेट कंपनीच्या जाळ्यात जातो आणि तिथून दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात शिरतो. या दोन जाळ्यांची जोडणी मुंबईत नसेल, तर द्रोणागिरीहून पनवेलला निघालेला संदेश दुसऱ्या शहरातून फिरून येऊ शकतो. घरातील वाय-फाय आणि संध्याकाळची गर्दी यांची त्यात भर पडते. म्हणून सर्व्हर घेण्यापूर्वी खेळाडू ज्या कंपन्यांचे इंटरनेट वापरतात, त्या प्रत्येक जोडणीवरून रात्री आठ-नऊच्या सुमारास पिंग तपासणे हे पहिले काम.

जास्त कोअर की वेगवान कोअर?

इथेच सर्वाधिक चूक होते. गेम सर्व्हर ठरावीक अंतराने साऱ्या खेळाचा हिशोब नव्याने मांडतो : कोण कुठे आहे, कोणाची गोळी कोणाला लागली. या प्रत्येक फेरीला ‘टिक’ म्हणतात. माइनक्राफ्टमध्ये सेकंदाला २० टिक असतात, म्हणजे एका फेरीला ५० मिलिसेकंद मिळतात. व्हॅलोरंटमध्ये १२८ टिक असल्याने हाच वेळ ७.८ मिलिसेकंदांवर येतो. हिशोब वेळेत संपला नाही, तर पिंग उत्तम असूनही खेळ अडखळतो.

माइनक्राफ्टसारख्या गेमचा मुख्य हिशोब बहुतांशी एकाच कोअरवर चालतो. त्यामुळे एकच मोठा सामना चालवायचा असेल, तर कमी वेगाचे ६४ कोअर असलेल्या प्रोसेसरपेक्षा पाच गिगाहर्ट्झच्या आसपास धावणारा आठ कोअरचा प्रोसेसर सरस ठरतो. प्रोसेसरमधील कॅशे मोठी असेल तर आणखी चांगले. याउलट, एकाच यंत्रावर शेकडो छोटे सामने चालवायचे असतील, तर जास्त कोअरचे झिऑन किंवा एपिक प्रोसेसर उपयोगी पडतात. व्हॅलोरंटच्या निर्मात्या रायट गेम्सने एका कोअरवर तीन सामने चालवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. त्या हिशोबाने ३६ कोअरच्या यंत्रावर १०८ सामने, म्हणजे १,०८० खेळाडू मावतात.

बाकी काय पाहावे?

रॅम गेमच्या गरजेइतकीच पुरते. जास्त घेतल्याने टिक वेगवान होत नाही. मात्र दिवसरात्र चालणाऱ्या यंत्रात चुका आपोआप दुरुस्त करणारी ईसीसी रॅम असावी. साठवणुकीसाठी एनव्हीएमई एसएसडी घ्यावी, कारण माइनक्राफ्टसारख्या गेममध्ये जग सतत डिस्कवर लिहिले जाते. गेमचा डेटा फार नसतो, त्यामुळे इंटरनेटच्या कमाल वेगापेक्षा त्याचे सातत्य महत्त्वाचे.

यंत्र घरी ठेवावे का?

मित्रांच्या खेळापुरते चालेल, स्पर्धेसाठी नाही. अनेक घरगुती जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, त्यामुळे बाहेरच्या खेळाडूंना सर्व्हर सापडत नाही. वीज गेली की सामना संपला. खाडीकाठच्या दमट, खारट हवेने यंत्राचे सुटे भाग लवकर गंजतात. शिवाय हरणाऱ्या संघाच्या एखाद्या चाहत्याने खोट्या मागण्यांचा मारा, म्हणजे ‘डीडॉस’ हल्ला केला, तर घरची जोडणी लगेच कोलमडते. डेटा सेंटरच्या भाड्यात वीज, थंडावा आणि बहुधा या हल्ल्यापासून संरक्षणही मिळते. भाडे ठरवताना हे संरक्षण त्यात आहे का, हे विचारून घ्यावे.

सगळ्याच गेमचा सर्व्हर आपण चालवू शकतो?

नाही. माइनक्राफ्ट, काउंटर-स्ट्राइक किंवा रस्टचा सर्व्हर कोणालाही चालवता येतो. व्हॅलोरंट आणि बीजीएमआयचे सर्व्हर मात्र कंपनीच्याच ताब्यात असतात. आयोजकाला फक्त सामना आखता येतो. सर्व्हर कुठे आहे, हा सरकारच्याही चिंतेचा विषय आहे. जुलै २०२२ मध्ये बंद झालेल्या बीजीएमआयला मे २०२३ मध्ये तीन महिन्यांची प्रायोगिक परवानगी मिळाली, तेव्हा सर्व्हरचे ठिकाण आणि माहितीची सुरक्षा या मुद्द्यांची पूर्तता झाल्याचे केंद्रीय राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी सांगितले होते.

मग क्रम काय असावा?

आधी ठिकाण आणि मार्ग, मग एका कोअरचा वेग, त्यानंतर संरक्षण आणि शेवटी रॅम-डिस्क. थेट खरेदीऐवजी मुंबई-नवी मुंबईतील सर्व्हर महिनाभर भाड्याने घ्यावा आणि पूर्ण संख्येने खेळाडू बसवून एक सराव सामना घ्यावा. त्यात टिक वेळेत पडत असतील, तर महागड्या यंत्रावर खर्च करण्याची गरजच उरत नाही. ते पैसे बक्षिसांना वापरता येतील.