टेबल टेनिसने माणसे टिकत नाहीत



रविवार पुरवणीतील ‘तरुणांना हवे रंगीत ऑफिस’ हा लेख वाचला. बीनबॅग, कॉफीचे यंत्र आणि टेबल टेनिस दिले की पंचविशीतली मुले टिकतात, हा निष्कर्ष धाडसी आहे. हिंजवडीतील आमच्या ऑफिसात ते टेबल आहे. त्यावर जुन्या मॉनिटरचे खोके रचलेले असतात. मोकळ्याढाकळ्या हॉलचे कौतुक लेखकांनी करावे. तिथे शांत कोपरा नसल्याने मुले जिन्यात उभी राहून क्लायंटचे कॉल घेतात. रोज नवी जागा, त्यामुळे डबा ठेवायला खणही नाही.

लेखात पाळणाघराला ‘कंपनीचे औदार्य’ म्हटले आहे; ते औदार्य नव्हे. मातृत्व लाभ कायद्यातील 2017च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ते बंधनकारक केले. आईला दिवसातून चारदा तिथे जाता येते.

राहिला लेखातील ‘निष्ठे’चा मुद्दा. आयटी सेवा कंपन्यांत नवख्यांचा पगार दशकभराहून अधिक काळ वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतो आहे. वाकडचे घरभाडे मात्र घुटमळत नाही. भिंती रंगवण्यापेक्षा हे आधी पाहावे.

पुढच्या लेखासाठी अंतर्गत सजावटकारांबरोबर रात्रपाळीवाल्यांनाही विचारावे.

– एक आयटी कर्मचारी, वाकड, पुणे