पाऊस दोन्ही घरांवर पडतो

मावशीला केमोचा तिसरा डोस दिला त्या संध्याकाळी एक प्रचारक गृहस्थ वॉर्डात आले. पांढरा शर्ट, काखेत चेनच्या कव्हरातलं बायबल. ओळख मंडळीतल्या कुणाच्या तरी मार्फत. मी मोसंबी सोलत होतो. त्यांनी "जय ख्रिस्त" म्हटलं, मावशीच्या कपाळावर हात ठेवला आणि एवढ्या मोठ्यानं प्रार्थना सुरू केली की पलीकडच्या खाटेवरची म्हातारी दचकून उठून बसली. इथवर माझी तक्रार नाही. पण निघताना खाटेच्या पायथ्याशी उभं राहून ते मला म्हणाले, "भगिनींचा विश्वास कुठंतरी कमी पडतोय. घरात काही कबूल न केलेलं पाप आहे का, तेही तपासा."

मावशीचे केस गेले होते, कान शाबूत होते. रात्री दिवे मालवल्यावर तिनं विचारलं, "काय केलं असंल रं मी?"

हा लेख त्या प्रश्नापायी.

त्या गृहस्थांचं म्हणणं आज गावोगावच्या मेळाव्यांत ऐकू येतं. विश्वास पक्का असेल तर रोग, कर्ज, अपघात उंबऱ्याबाहेर राहतात. आत आले तर विश्वासातच खोट. संकटाची तयारी म्हणजे जणू विम्याचा हप्ता. प्रार्थना, उपवास, दशांश वेळेवर भरला की दावा मंजूर. शुभवर्तमानात हे कुठं आहे ते कुणीतरी दाखवावं. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी मावशीचाच प्रश्न विचारला होता: पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशूनं त्याला आणि आईबापांना, दोघांनाही त्या आरोपातून मोकळं केलं. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हा ती इतरांहून जास्त पापी होती असं समजू नका, असं त्यानं बजावलं आणि बोट ऐकणाऱ्यांकडेच वळवलं. दोन घरांचा दाखला तर रविवारच्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. एक घर खडकावर, एक वाळूवर; पाऊस, पूर, वारा दोन्हींवर सारखाच येतो. लूकनं सांगताना एक बारकावा जादा दिला आहे: पहिल्या माणसानं खोल खणलं. म्हणजे उन्हात, घाम गाळत, पावसाचा पत्ता नसताना.

लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण तर या मंडळींना अडचणीचंच. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर जे आभाळ कोसळलं ते नवऱ्याच्या विश्वासामुळेच. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढं त्या आपल्या पायांनी, आपल्या विचारानं ख्रिस्ताकडे आल्या. 'स्मृतिचित्रे'त प्लेग आहे, ओढगस्त आहे, ताटातूट आहे आणि या सगळ्यात बाईंचा मिश्कीलपणाही आहे. विश्वासू माणसाच्या घरी संकट फिरकत नाही, असं मात्र त्या पुस्तकावरून कुणाला म्हणता यायचं नाही.

आता दुसरी बाजू. माझा एक विवेकवादी मित्र आहे. मावशीसाठी रक्त द्यायला तोच पहिला धावला, तेव्हा त्याचं ऐकून घेणं भाग आहे. तो म्हणतो, "तुमचा तो प्रचारक आणि तू, दोघं एकच माल विकता. त्याची गोळी कडक, तुझी सौम्य. शेवटी भूलच." मार्क्सची अफू त्याला तोंडपाठ. भूल देणारी भक्ती असते हे मी नाकारत नाही. वर एक नमुना दिलाच आहे. पण ज्याच्यावर हा सगळा विश्वास उभा आहे, त्यानं क्रूसाच्या ठिकाणी पुढं केलेला बोळ मिसळलेला द्राक्षारस घेतला नाही, असं मार्कनं नोंदवून ठेवलं आहे. वेदना बोथट करायचं पेय ते. आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्याला टळावा म्हणून त्यानं विनवणी केली होती. भीती लपवली नाही आणि भूलही घेतली नाही. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांत देवाला विचारलेले जाब किती आहेत, ते एकदा मोजायला बसावं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी दिलाशाचा शब्द नाही. अफूच्या दुकानात हा माल कोण ठेवील?

"देवाची इच्छा" म्हणून रडणाऱ्याला गप्प करणारे तिसरे. त्यांना एवढंच सांगायचं की लाजराच्या कबरेकडे जाताना येशू रडला, आणि तेही लाजराला उठवायच्या आधी.

मग तयारी म्हणायचं कशाला? आजोळी आजी रोज रात्री जेवणं आटोपल्यावर एक स्तोत्र वाचायची. क्रमानं, आवडतं-नावडतं असं काही नाही. त्यामुळे अठ्ठ्याऐंशीवं वर्षातून दोनदा तरी यायचंच. आम्ही पोरं भिंतीला टेकून पेंगायचो. घरात सगळं क्षेम असताना, जोंधळा कणगीत भरलेला असताना, ती ते अंधाराचं स्तोत्र संथपणे वाचायची आणि कंदील बारीक करायची. तिचा थोरला मुलगा विहिरीत बुडाला त्या वर्षी तिला शब्द शोधावे लागले नाहीत.

शब्दांनी मात्र सगळं भागत नाही. पंडिता रमाबाई पाहा. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात, तीर्थांमागून तीर्थं पायी तुडवत असताना, आईवडील आणि बहीण गेली. १८८० साली भाऊ, १८८२ साली नवरा, पटकीनं. १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला तेव्हा पंचविशीतल्या त्या बाईला दुःखाची ओळख करून द्यायची गरज उरली नव्हती. पुढं आपल्या पुण्यातल्या शारदा सदन या आश्रमाला कायमचं उत्पन्न असावं म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली, विहीर खणली, फळझाडं लावली. मग १८९६-९७चा दुष्काळ आला. भुकेनं मुलीबाळींचं काय होतं ते स्वतःच्या पोटानं जाणणारी ही बाई मध्य प्रांतात गेली आणि शेकडो मुली घेऊन आली. पुण्यात प्लेगचं थैमान. ठेवायच्या कुठं? केडगावला. झाडं लावताना हा दुष्काळ कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. पण प्रार्थना करणाऱ्या बाईनं पाण्याची सोयही करून ठेवली होती. ख्रिस्ती तयारी म्हणजे काय ते मला सगळ्या प्रवचनांपेक्षा त्या विहिरीपाशी जास्त कळतं.

आणि याचं बक्षीस काय मिळालं? १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणायचं काम रमाबाईंनी त्यानंतरही सोडलं नाही. १९२२च्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या आणि ग्रंथ १९२४ साली निघाला. विश्वास कमी पडला म्हणून मुलगी गेली, असं त्या आईला सांगायची कुणाची प्राज्ञा आहे?

मित्र म्हणतो, "विहीर खणायला देव कशाला लागतो?" लागत नसेलही. तो खणतो हे मी पाहिलं आहे, त्याचं रक्त मावशीच्या अंगात आहे. आजीला लागत होता, रमाबाईंना लागत होता, मला लागतो. मी ज्या घरात राहतो त्याच्या पायाबद्दल बोलतो आहे.

त्या रात्री यातलं काहीच मी मावशीला सांगितलं नाही. उत्तर सुचलं नाही म्हणून तिचा हात धरून बसलो. बऱ्याच वेळानं तीच पुटपुटू लागली. आजीचं अंधाराचं स्तोत्र होतं. दोन ठिकाणी अडली, पण शेवटपर्यंत म्हणाली आणि मग झोपली.

प्रचारक बंधू, पुन्हा कुणाच्या उशाशी जाल तेव्हा जरूर जा. फक्त स्टूल ओढून बसा आणि ईयोबाच्या मित्रांची आठवण ठेवा. देव त्यांच्यावर रागावला हे आपण सांगत असतो. पण तेच मित्र आले तेव्हा पहिले सात दिवस आणि सात रात्री ईयोबाशेजारी जमिनीवर गप्प बसून होते. बिघडलं ते तोंड उघडल्यावर.